उद्योजक व्हायचं तर आयआयटीचा शिक्का किती कामाचा?

मृण्मयी_प

जोसाच्या (आयआयटी प्रवेशाच्या) आणि राज्याच्या कॅप (इंजिनिअरिंग प्रवेशाच्या) फेऱ्या तोंडावर आल्या आहेत, म्हणून विचारते. भाचीला आयआयटी मुंबईत मेटलर्जी (धातुशास्त्र) मिळेल असं दिसतंय आणि पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर. तिला नोकरी नाही, स्वतःचा उद्योग करायचाय, बहुधा बॅटरी किंवा धातूंशी संबंधित. नावाजलेल्या कॉलेजमुळे उद्योजकाला खरंच काही मिळतं, की तिथे जाणारी मुलं मुळात हुशार असतात म्हणून तसं दिसतं? आणि जे मिळतं, ते बाहेर राहून मिळवता येतं का? कृपया नेमकं सांगा, 'मेहनत केली की सगळं होतं' हे ऐकून झालंय.

आकडेमोड

तुमच्या पहिल्याच प्रश्नात खरी मेख आहे. जेईई मेनला चौदा-पंधरा लाख मुलं नाव नोंदवतात आणि आयआयटीच्या जागा आहेत अठरा हजारांच्या आसपास. इतक्या बारीक चाळणीतून आलेली मुलं कुठेही गेली असती, तरी त्यातली बरीच पुढे आलीच असती. म्हणून आयआयटीवाल्या संस्थापकांची यादी दाखवून काही सिद्ध होत नाही. तुलना करायची तर सारख्या वकुबाच्या मुलांची करायला हवी.

अमेरिकेत ती झाली आहे. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी २००२ साली अशी मुलं घेतली, ज्यांना नामवंत कॉलेजात प्रवेश मिळाला होता पण जी साध्या कॉलेजात गेली. पुढे त्यांची कमाई नामवंत कॉलेजात गेलेल्यांच्या जवळपास बरोबरीची निघाली. अपवाद होता तो गरीब घरातल्या मुलांचा. त्यांना चांगल्या कॉलेजचा स्पष्ट फायदा झाला. २०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी तिथल्या सर्वांत वरच्या १२ कॉलेजांच्या प्रतीक्षायादीतली मुलं तपासली. सरासरी कमाईत फारसा फरक नव्हता, मात्र उत्पन्नाच्या वरच्या १ टक्क्यात पोचण्याची शक्यता जवळपास ५० टक्क्यांनी वाढलेली होती. हे दोन्ही अभ्यास उद्योजकांचे नाहीत, कमाईचे आहेत. पण धंद्यात सरासरीला किंमत नसते, टोकालाच असते, म्हणून दुसरा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

थेट उद्योजकतेवरचा एक अभ्यास मात्र आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये मुलांना तुकड्या वाटून दिल्या जातात, स्वतः निवडता येत नाहीत. जॉश लर्नर आणि उलरिके माल्मेंडिअर यांनी पाहिलं की ज्या तुकडीत आधी धंदा करून आलेली मुलं जास्त, त्या तुकडीतून नंतर धंद्यात पडणारे कमी निघतात. कमी होतात ते मुख्यतः फसणारे धंदे. वर्गात कोणीतरी बसलेला असतो जो तुमची कल्पना ऐकून सांगतो, 'हे मी करून पाहिलंय, इथे अडकशील.' चांगल्या कॉलेजची ही बाजू फार कमी लोक बोलतात.

थोडक्यात, ज्या घरात आधीच सीए, वकील, कारखानदार काका-मामा आहेत, त्या मुलीला शिक्का कमी देतो. ज्या घरात यातलं कोणी नाही, तिला पुष्कळ देतो. भाची यातल्या कुठल्या घरातली, हे आधी बघा.

पहिली_फेरी

वरच्या मताशी सहमत. आता गुंतवणुकीच्या बाजूने. शिक्क्याचं नाणं सर्वांत जोरात वाजतं ते दाखवायला विक्री नसते तेव्हा. विक्रीचे आकडे आले की त्याचा आवाज झपाट्याने कमी होतो.

इलेक्ट्रिक स्कूटरची एथर एनर्जी बघा. तरुण मेहता आणि स्वप्निल जैन, दोघे आयआयटी मद्रासचे, कंपनी २०१३ ची आणि वाढली तिथल्याच इन्क्युबेशन सेलमध्ये (नव्या कंपन्यांना जागा आणि मदत देणारं केंद्र). २०१४ मध्ये फ्लिपकार्टच्या सचिन आणि बिन्नी बन्सल यांनी १० लाख डॉलर घातले (तेही आयआयटी दिल्लीचे), २०१५ मध्ये टायगर ग्लोबल या गुंतवणूक कंपनीने १ कोटी २० लाख डॉलर. स्कूटर ग्राहकाच्या हातात पडायला मात्र २०१८ उजाडलं. विक्री शून्य असताना पाच वर्षं पैसा, जागा, प्राध्यापक आणि माणसं मिळत राहणं, हे शिक्क्याशिवाय फार अवघड असतं.

दुसऱ्या टोकाला पुण्याचं क्विक हील. कैलाश काटकर यांचा कॅल्क्युलेटर दुरुस्तीचा धंदा, कॉलेजची पदवी नाही. अँटीव्हायरस लिहिला धाकट्या भावाने, संजय यांनी. उत्पादन १९९५ मध्ये बाजारात आलं, सिकोया या गुंतवणूक कंपनीचा पैसा आला २०१० मध्ये. मधली पंधरा वर्षं धंदा ग्राहकांच्या पैशावर चालला. काळही वेगळा होता आणि धंदाही, त्यामुळे सगळा फरक शिक्क्याचा आहे असं मी म्हणणार नाही. पण ग्राहक पहिल्या महिन्यापासून पैसे मोजतो असा धंदा असेल तर शिक्क्याविना निभतं, हे यातून दिसतं.

बाहेरच्या मुलीने गुंतवणूकदाराला लिहायचं तर ईमेल सहा ओळींचा ठेवावा. काय विकता, कोणाला, गेल्या सहा महिन्यांची महिनावार विक्री, पुन्हा येणाऱ्या ग्राहकांचं प्रमाण, एका नगामागे कच्चा नफा, किती पैसे हवेत आणि कशाला. त्याच क्षेत्रातल्या ज्या कंपनीत त्या गुंतवणूकदाराचा पैसा आहे, तिच्या संस्थापकाकडून ओळख करून घेता आली तर उत्तम. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर जे एका मेसेजमध्ये होतं, त्याला इथे दोन-तीन महिने लागतात, ते आधीच धरून चाला.

आयआयटीत हमखास होणारी चूक सांगतो. होस्टेलवरचे तीन मित्र कंपनी काढतात, ९,००० शेअर, प्रत्येकी ३,०००. आठव्या महिन्यात एकाला अमेरिकेत एमएस मिळतं, तो जातो आणि एक तृतीयांश कंपनी बरोबर घेऊन जातो. पुढचा गुंतवणूकदार भागधारकांची यादी बघतो आणि तिथेच थांबतो. उपाय पहिल्याच दिवशी करायचा असतो. करारात लिहा की हिस्सा चार वर्षांत पिकेल (म्हणजे टप्प्याटप्प्याने पक्का होईल), पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच नाही, बारा महिने भरले की एक चतुर्थांश, नंतर दरमहा १/४८. अठराव्या महिन्यात गेला तर त्याचे १,१२५ शेअर राहतात आणि १,८७५ दर्शनी किमतीला उरलेल्या संस्थापकांकडे येतात. हस्तांतरणावरच्या कराचं कलम सीएकडून तपासून घ्या.

भोसरी_एस_ब्लॉक

धातूचं नाव निघालं म्हणून लिहितो. वाहनांचे सुटे भाग, फोर्जिंग, हीट ट्रीटमेंट या धंद्यात खरेदी विभाग कॉलेज विचारत नाही. ते विचारतात आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र) आहे का, पीपॅप (नव्या भागाच्या मंजुरीची कागदपत्रं) कधी देता, नमुने कधी देता. केस हार्डनिंगला (पृष्ठभाग कडक करण्याला) ५८ ते ६२ एचआरसी कठीणता मागितली आहे आणि एका लॉटची ५४ निघाली, तर पदवी कुठलीही असो, टेम्पो भरून माल परत येतो.

आणि इथे धंदा बुडतो तो कल्पना वाईट म्हणून नाही, पैसा अडकतो म्हणून. महिन्याला २० लाखांचा माल पाठवता आणि बिल ९० दिवसांनी मिळतं, तर ६० लाख कायम दुसऱ्याच्या खिशात. स्टीलवाला रोख मागतो, वीजबिल आणि पगार थांबत नाहीत. नफा कागदावर असतो आणि खातं रिकामं.

करायचं काय? उद्यम नोंदणी पहिल्या ऑर्डरच्या आधी करा, फुकट आहे. सूक्ष्म-लघु पुरवठादाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. आयकराच्या नियमामुळे (१९६१ च्या कायद्यातलं ४३बी(एच) कलम) वेळेत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्चात दाखवता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये फोन उचलले जातात. मोठा खरेदीदार ट्रेड्सवर (बिलं वटवण्याचा ऑनलाइन मंच) असेल तर बिल तिथे वटवून घ्या. तारणाशिवाय कर्ज हवं तर बँकेला सीजीटीएमएसई या कर्जहमी योजनेचं विचारा. बँक सिबिल बघते, प्रकल्प अहवाल बघते, तुमचे स्वतःचे किती टक्के ते बघते. कॉलेजसाठी त्यांच्या अर्जात एक ओळ असते, तेवढीच.

मृण्मयी_प

सर्वांचे आभार. घरात धंद्यातलं कोणी नाही, दोघेही शिक्षक. म्हणजे 'आकडेमोड' म्हणतात त्या दुसऱ्या गटात आम्ही. आता एवढंच विचारते, समजा सीओईपी घेतलं, तर प्रयोगशाळा, इन्क्युबेटर आणि पेटंट यांचं काय?

तळटीप

सीओईपीत स्वतःचं भाऊ इन्स्टिट्यूट आहे, ते याच कामासाठी. शिवाय पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात व्हेंचर सेंटर हा इन्क्युबेटर आहे. तिथे बाहेरचे लोकही येतात, आणि साहित्यविज्ञान-रसायन हेच त्यांचं बलस्थान आहे. बॅटरीवाल्या मुलीने ते घराजवळ असून न वापरणं चुकीचं ठरेल.

सरकारी पैशाच्या योजना कॉलेज बघत नाहीत. निधी-प्रयासमध्ये नमुना बनवायला १० लाखांपर्यंत मिळतात. स्टार्टअप इंडिया सीड फंडच्या नियमांत नमुन्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान आहे. त्याला डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) स्टार्टअप म्हणून मान्यता लागते आणि अर्जाच्या दिवशी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. इथेच मुलं फसतात. दुसऱ्या वर्षात हौसेने प्रायव्हेट लिमिटेड काढतात, पदवी होईपर्यंत काम होत नाही, आणि खरा नमुना हातात येतो तेव्हा मुदत संपलेली असते. कंपनी उशिरा काढा. अर्ज सध्या घेतले जाताहेत का, ते ज्या त्या पोर्टलवर बघून घ्या.

पेटंटबाबत दोन गोष्टी. कॉलेजची उपकरणं किंवा प्राध्यापकांचा प्रकल्प वापरला की हक्क बहुतेक वेळा संस्थेकडे जातो आणि तुम्हाला परवाना घ्यावा लागतो. आयआयटीतही हेच. म्हणून काम सुरू करण्याआधी संस्थेचं बौद्धिक संपदेचं धोरण मागून घ्या आणि परवान्याच्या अटी ईमेलवर लिहून घ्या. दुसरी गोष्ट, स्पर्धेत पोस्टर लावलं, प्रात्यक्षिक दाखवलं की नावीन्य गेलं असं समजा. आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) पेटंट अर्ज टाका. व्यक्ती किंवा स्टार्टअपला ऑनलाइन फी १,६०० रुपये आहे आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. आयआयटी मुंबईची युरेका स्पर्धा बाहेरच्या मुलांनाही खुली असते. तिथे जरूर जावं, पण अर्जाचा क्रमांक हातात घेऊन.

पहिली_फेरी

मृण्मयीताई, घरात धंद्यातलं कोणी नाही आणि विषय बॅटरी-धातूंचा आहे. उत्पादन बाजारात यायला चार-पाच वर्षं लागतील, तोवर विक्री नाही. शिक्का कामाला येतो ती जागा नेमकी हीच. मी आयआयटी मुंबईची मेटलर्जी घ्या म्हणेन. शाखा बदलून मिळेल या भरवशावर मात्र जाऊ नका, काही आयआयटींनी ती सोय बंद केली आहे. तिला ॲप किंवा सॉफ्टवेअर विकायचं असतं तर सीओईपी कॉम्प्युटर सुचवलं असतं.

खर्चाचंही बघा. आयआयटीची शिकवणी फी वर्षाला २ लाख आहे. कुटुंबाचं उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर दोन तृतीयांश माफ, १ लाखाच्या आत पूर्ण माफ. कर्ज कमीत कमी घ्या. पुढे एमबीएसाठी २० लाख उचलले, १० टक्क्यांनी सात वर्षांसाठी, तर हप्ता महिन्याला ३३ हजारांवर जातो. तो चालू असताना बिनपगारी धंदा करता येत नाही. आयआयएम अहमदाबादला 'प्लेसमेंट हॉलिडे' आहे, धंदा करून पाहा, नाही जमला तर पुढच्या प्लेसमेंटला या. अशी सवलत भाचीच्या संस्थेत आहे का आणि कोणत्या अटींवर, हे तिने तिसऱ्या वर्षातच प्लेसमेंट कार्यालयात विचारून ठेवावं. चौथ्या वर्षी कंपन्यांसाठी नाव नोंदवून झाल्यावर उपयोग नसतो.