कॅन्सरवर गांजा: त्रास कमी होतो, पण आजार बरा होतो का?

शमा
कीमोच्या मळमळीवर गांजातल्या टीएचसीचा, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचा, उपयोग होतो, याबद्दल वाद नाही. टीएचसीचं कृत्रिम रूप असलेलं ड्रोनॅबिनॉल अमेरिकेत १९८५ पासून त्यासाठी मंजूर आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. 'गांजाचं तेल घ्या, गाठ विरघळेल, कीमो नकोच' असं लोक छातीठोकपणे सांगतात आणि घाबरलेलं घर ते ऐकतं. वेळेत सापडलेला स्तनाचा कॅन्सर बरा होण्याची शक्यता चांगली असते. तेलाच्या नादात ती वेळच हातची जाते. अशा दाव्यांवर बंदी हवी.

रानवारा
दावे हवेत नाहीत केलेले. टीएचसीमुळे उंदरांमधल्या फुप्फुसाच्या गाठींची वाढ मंदावते, हे १९७५ मध्येच प्रसिद्ध झालंय. मग माणसांवरचे प्रयोग का रखडले? अमेरिकेने १९७० च्या कायद्यात गांजाला हेरॉइनच्या पंक्तीत बसवलं म्हणून. आधी संशोधनाची वाट अडवायची आणि मग पुरावा मागायचा, हा कुठला न्याय?

शमा
वाट अडवली हे चूकच झालं. पण म्हणून न झालेलं संशोधन तुमच्या बाजूने धरता येत नाही. स्पेनमध्ये ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा आक्रमक कॅन्सर, उलटलेल्या ९ रुग्णांच्या गाठीत थेट टीएचसी सोडलं होतं. निष्कर्ष २००६ मध्ये आले. ते सुरक्षित वाटलं, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. त्यावरून काय ठरवणार?

रानवारा
मग २०२१ चा ब्रिटनमधला प्रयोग बघा, त्यात तुलनेचा गट होता. त्याच आजाराचे २१ रुग्ण. टेमोझोलोमाइडसोबत गांजाच्या अर्काचा फवारा घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के वर्षभरानंतर हयात होते, टेमोझोलोमाइडसोबतच बनावट फवारा मिळालेल्यांपैकी ४४ टक्के.

शमा
'टेमोझोलोमाइडसोबत' हे तुम्हीच लिहिलंत. ती कीमोच आहे. कीमो सोडून तेल घ्या, असं त्यात कुठे आहे? शिवाय २१ जणांत दोन-तीन माणसं इकडची तिकडे झाली की टक्केवारी पार बदलते. म्हणून तर मोठा प्रयोग हाती घेतलाय.

ओवी
मी वडिलांची शुश्रूषा करते, म्हणून लिहिते. कीमोनंतर फोडणीच्या वासानेही त्यांना उमळून येतं. मळमळीची गोळी गिळली की पाच मिनिटांत बाहेर. ड्रोनॅबिनॉलही कॅप्सूलच, तीही गिळावीच लागणार. गांजा वाफेने घेतला तर काही मिनिटांत आराम पडतो म्हणतात. पण डॉक्टरांना विचारायचं धाडस होत नाही. ते आपल्याला नशेबाज समजतील असं वाटतं.

शमा
ओवीताई, विचाराच, आणि काहीही सुरू करण्याआधी विचारा. इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवणारा उपचार) चालू असताना गांजा घेणाऱ्यांमध्ये उपचाराला प्रतिसाद कमी दिसल्याचं इस्रायलमधल्या एका अभ्यासात आलंय. तो अभ्यास निर्णायक नाही, पण डॉक्टरांना माहीत तरी हवं. प्रतिकारशक्ती खालावलेली असताना बुरशी लागलेला पाला ओढला तर फुप्फुसात संसर्गही होतो.

रानवारा
बघा, गांजावरच्या बंदीने हेच होतं. तपासलेला माल मिळत नाही आणि माणसं डॉक्टरांपासून लपवतात. आधी कायदा सैल करा.

शमा
त्रास कमी करण्यासाठी करा, माझा पाठिंबा आहे. पण बाटलीवर 'कॅन्सर बरा करते' लिहिणाऱ्यावर खटलाही भरा.

रानवारा
खोटं लिहिणाऱ्यावर जरूर भरा. पण सगळे उपचार संपलेल्या माणसाने स्वतःच्या जबाबदारीवर ते तेल घेतलं, तर त्याला अडवायचा हक्क मी कोणालाही देणार नाही.