गॅरेजमधील इपॉक्सीचा थर समतल बसला नाही

प्रश्न: नाशिकमधील आमच्या गॅरेजमध्ये मे महिन्यात भर दुपारी सेल्फ लेव्हलिंग इपॉक्सी (ओतल्यावर आपोआप समतल पसरणारा राळेचा लेप) ओतून घेतली. कारागिराने सगळा माल एकदम कालवून बादलीतच ठेवला आणि शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचेतो तो इतका घट्ट झाला, की रोलरचे पट्टे तसेच उमटून राहिले. त्यावर हात फिरवल्यास तेलकट लागते. सगळे उखडावे लागेल का?

उत्तर: उखडण्याची घाई कृपया करू नका. आधी नखाने दाबून पाहा; आठवड्यानंतरही खूण उमटत असेल, तर हार्डनरचे (इपॉक्सी कडक करणाऱ्या घटकाचे) प्रमाण चुकले आहे किंवा माल नीट कालवला गेलेला नाही, आणि तेवढा भाग खरवडून काढावाच लागेल. थर कडक असेल, तर तेलकटपणा कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन जमीन पूर्ण वाळवा. न धुता घासल्यास तो चिकटा पसरतो आणि नवा थर धरत नाही. नंतर, नवा थर देण्याआधी, उंचवटे ग्राइंडरने उतरवून, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासा व व्हॅक्यूमने धूळ काढा. मास्क अवश्य वापरा.

दुसरे उत्तर: माल लवकर घट्ट होण्याचे खरे कारण उष्णता आहे. बादलीत साठलेली इपॉक्सी स्वतःच्या उष्णतेनेच लवकर घट्ट होते, म्हणून थोडा थोडा माल कालवून लगेच जमिनीवर ओतावा, खाचांच्या पट्टीने पसरवावा आणि हवेचे बुडबुडे काढणारा काट्यांचा रोलर वेळेत फिरवावा. हे काम सकाळी लवकर करावे.

प्रश्नकर्ता: खूण फक्त दाराजवळ, ताटाएवढ्या जागेत उमटते. तेवढेच खरवडून बाकीचे घासून घेतो. मनःपूर्वक आभार.