विषय: १९७८ ची कॅम्पर, मूळ इंजिनासकट: घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

सध्या महिनाभर नाशिकला, इंदिरानगरला आईबाबांकडे आहे. पुढच्या मे-जूनमध्ये दोघं ब्रिस्टलला आमच्याकडे येतील. बाबांना स्कॉटलंड बघायचंय, आणि रोज नव्या हॉटेलात बॅगा उघडणं-भरणं आईला नको वाटतं. म्हणून जुनी फोक्सवॅगन कॅम्पर घ्यायचं मनात आहे. कॉर्नवॉलला एक मिळतेय: १९७८ ची बे विंडो (पुढे सलग वक्र काच असलेलं मॉडेल), १६०० सीसी. मालक म्हणतात, इंजिन कारखान्यातून आलेलंच आहे, आणि त्यासाठी किंमत बरीच चढी लावली आहे. तेवढे पैसे द्यावेत का? आणि आम्ही कधी कायमचे परत आलो तर गाडी नाशिकला आणता येईल का?

– ब्रिस्टलची नाशिककर

---

ताई, लेस्टरहून लिहितोय. गाडी ४० वर्षांवरची आहे, त्यामुळे हिस्टॉरिक वर्गात रोड टॅक्स नाही आणि मोठे फेरफार झालेले नसतील तर एमओटी, म्हणजे दरवर्षीची तपासणी, तीही सक्तीची नाही. सक्ती नाही म्हणूनच जास्त जपायला हवं, कारण कित्येक वर्षांत कुणी गाडीखाली डोकावलेलंही नसेल. २००५ पासूनचा एमओटीचा इतिहास सरकारी साइटवर फुकट दिसतो, गाडीचा नंबर टाकून बघा. आणि पैसे देण्याआधी मालकांना ताजी एमओटी करून द्यायला सांगा. ज्याची गाडी धड आहे तो नाही म्हणणार नाही.

---

अगं, तू नाशिकलाच आहेस तर सातपूरला घरी ये, फोटो मोठ्या स्क्रीनवर बघू. तोवर लिहून ठेवतो. तिकडे होतो तेव्हा ही इंजिनं मी उघडली आहेत, आणि गाडी आवडती आहे म्हणूनच सावध करतोय.

पहिलं म्हणजे, इंजिन मूळचं आहे हे कुणाच्या सांगण्यावर धरू नकोस. इंजिन नंबर क्रँककेसवर, जनरेटरच्या स्टँडखाली ठोकलेला असतो. तो पुसून त्याचा फोटो मागव आणि व्ही५सीवरच्या, म्हणजे तिकडच्या नोंदणीपत्रावरच्या, नंबराशी ताडून बघ. फोक्सवॅगन स्वतःच दुरुस्त केलेली इंजिनं बदली देत असे, त्यामुळे मालकाला काही ठाऊक नसतानाही इंजिन दुसरं निघू शकतं.

दुसरं, मूळचं इंजिन आणि चांगलं इंजिन या दोन वेगळ्या गोष्टी. इंजिन बंद असताना खालची मोठी पुली दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर ढकलायची. खट्‌ असं जाणवलं तर क्रँकशाफ्टचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, वाढलाय. डायल गेजवर ०.१५ मिलिमीटर ही शेवटची मर्यादा, त्यापुढे पूर्ण इंजिन खोलायचं काम आलं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजायला सांग, आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप, शेवटचे कधी सेट केले, हे वहीत लिहिलेलं असलं तर फार चांगलं. थंड इंजिनावर ०.१५ मिलिमीटर, साधारण दर ३००० मैलांनी. एकाच व्हॉल्व्हचा गॅप पुनःपुन्हा कमी होत असेल तर तो व्हॉल्व्ह ताणला जातोय. तुटून आत पडला तर इंजिन संपलं. ऑइलही त्याच सुमाराला बदलायचं. जेमतेम अडीच लिटर मावतं आणि या इंजिनाला ऑइल फिल्टर नाही, नुसती जाळी आहे.

तापण्याचं नीट समजून घे. आपली अँबॅसडर कसारा घाटात तापली की वाफ यायची, आपण बाजूला घ्यायचो. या इंजिनात पाणीच नाही, आणि तापमानाचा काटाही नाही. इंजिनाभोवती पत्रे असतात आणि कडेने रबरी पट्टी. वरची थंड हवा पंख्याने आत घ्यायची, गरम हवा खाली सोडायची, आणि ती पट्टी दोन्ही वेगळ्या ठेवते. पट्टी फाटली किंवा एखादा पत्रा कुणी काढून ठेवला की पंखा स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. मालकाला काही कळत नाही, इंजिन मात्र आतून मरत जातं. डिकी उघडून पहिल्यांदा हेच बघ.

आणि पेट्रोलचे रबरी पाइप. गाडी घेतलीस तर एक मैलही चालवण्याआधी सगळे बदलून घे. तिकडे २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० आहे, इथेनॉलने जुनं रबर चिरतं. इंजिनाच्या खोलीत बॅटरीही तिथेच. अशा गाड्या यामुळेच पेटतात. आईबाबा मागे झोपणार आहेत, इथे एक पौंडही वाचवू नकोस.

मात्र जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर बॉडीच्या पत्र्यासाठी दे. इंजिन मोजक्या बोल्टवर उतरतं आणि पुन्हा बांधता येतं. दाराखालचे सिल, जॅक लावायच्या जागा, चाकांच्या कमानी, पुढच्या काचेखालची कड, बॅटरीखालचा पत्रा, सगळीकडे लोहचुंबक फिरव. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे.

नाशिकला आणायचं म्हणशील तर आत्ता तरी कायमची नाही. वापरलेली गाडी आयात करायची तर साधारणपणे ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. कार्नेवर, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या कस्टमच्या कागदावर, थोड्या काळासाठी येऊ शकते. इथली विंटेज नोंदणी, २०२१ च्या नियमांची ‘व्हीए’ नंबरांची मालिका, ५० वर्षांपुढच्या गाड्यांना आहे. तिथेही इंजिन-बॉडीत मोठे फेरफार नको, आणि रोजच्या वापराला ती नाहीच.

– सातपूरचे काका

---

काका, फोटो आला. इंजिनावरचा नंबर ‘एडी’ने सुरू होतो, व्ही५सीवर ‘एएस’ आहे. मालकांना विचारलं तर ते खरंच चकित झाले. त्यांनी गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने असंच सांगितलं होतं म्हणे. सिलला चुंबक दोन्ही बाजूंना चिकटतोय, माझ्या दिराने जाऊन बघितलं. रबरी पट्टीही नवी आहे. मला तर अजूनही घ्यावीशी वाटते!

---

मग घे की! ‘एडी’ म्हणजे १९७३ पर्यंतचं इंजिन, गाडीपेक्षा जुनं. जात तीच, ताकद तीच, हिस्टॉरिक दर्जालाही त्याने धक्का नाही. फक्त मूळ इंजिनाचे म्हणून लावलेले पैसे त्यांनी कमी करायला हवेत, आणि व्ही५सीवर नंबर दुरुस्त करून घ्यायला हवा. दिरांना पुलीचा प्ले आणि कॉम्प्रेशन मोजून घ्यायला सांग. आकडे आले की इथेच टाक. रविवारी बाबांना घेऊन ये, त्यांना मागची आडवी होणारी सीट कशी उघडते ते फोटोवर दाखवतो.

– काका