पॉप-अप बंद केला तरी जुना मजकूर का राहतो
एकाने विचारलंय की विंडोज फॉर्म्समध्ये (विंडोजचे प्रोग्रॅम बनवायची मायक्रोसॉफ्टची सोय) ‘शोडायलॉग’ने, म्हणजे बंद होईपर्यंत बाकीचा प्रोग्रॅम अडवून धरणाऱ्या पद्धतीने, उघडलेली खिडकी बंद करून तीच परत उघडली, तर टेक्स्टबॉक्समध्ये मागच्या वेळचंच नाव दिसतं. तुमचा कोड बिघडलेला नाही. ‘शो’ने उघडलेला साधा फॉर्म, म्हणजे खिडकी, बंद केला की मोडीत निघतो, ‘शोडायलॉग’चा मात्र नुसता लपतो. हे मुद्दाम तसं ठेवलंय, कारण खिडकी बंद झाल्यावरच आपल्याला तिच्यात भरलेली माहिती वाचायची असते. म्हणून दर वेळी ‘यूजिंग’ ब्लॉकमध्ये (काम संपताच आवराआवर करणारा कोडचा भाग) नवा फॉर्म तयार करा आणि ‘डायलॉगरिझल्ट’, म्हणजे खिडकी कोणत्या बटणाने बंद झाली त्याचं उत्तर, ओके आला तरच नाव उचला. ब्लॉक संपला की फॉर्मची आवराआवर आपोआप होते.

एक कळकळीची विनंती. एस्केप दाबल्यावर खिडकी बंद झालीच पाहिजे. फॉर्मच्या ‘कॅन्सलबटन’ प्रॉपर्टीत रद्दचं बटण दिलं की झालं, एका ओळीचं काम आहे. दिवसभर कीबोर्डवरच काम करणाऱ्यांना त्याचा फार आधार वाटतो. आणि बटणांवर नुसतं ‘होय’, ‘नाही’ नको. ‘फाइल काढून टाका’, ‘राहू द्या’ असं स्पष्ट लिहा. घाईत असलेला माणूस वरचा प्रश्न वाचत नाही, थेट बटणच बघतो.