इंग्रजी पॉपच्या पलीकडचं जगातलं संगीत: सुरुवात कुठून करू?

मुक्ता_कऱ्हाड
नमस्कार मंडळी. घरात किशोरीताई आणि कुमारजी ऐकत वाढले, त्यामुळे कान तसा तयार आहे. हल्ली बाहेरच्या देशांतलं संगीत ऐकायची ओढ लागलीय. अडचण अशी की ॲपवर शोधलं की तेच ते समोर येतं: स्पॅनिश नाचाची गाणी, कोरियन पॉप, नाहीतर योगवर्गात लावतात तसली बासरी. भाषा नाही कळली तरी चालेल, गाणं अस्सल हवं. कुठला देश, कुठला कलाकार?

धोंडोपंत
डोळे मिटून मालीला जा. अली फार्का तूरे यांची गिटार आणि तुमानी जबाते यांचा कोरा. कोरा म्हणजे अर्ध्या भोपळ्यावर कातडं ताणून केलेलं एकवीस तारांचं वाद्य. ते दोन्ही हातांचे फक्त अंगठे आणि तर्जन्या वापरून वाजवतात, आणि ऐकताना वाटतं दोघंतिघं वाजवतायत. या दोघांचा बामाकोच्या हॉटेलात ध्वनिमुद्रित केलेला अल्बम २००५ साली आला. तिथून सुरू करा.

पेटीवाला_मिरज
पंतांचं बरोबरच आहे. पण मुक्ताताई, तुमचा कान रागदारीचा, म्हणून मी आग्रहानं इथिओपिया सुचवेन. आणि देश एकच धरा. आज माली, उद्या पेरू, परवा मंगोलिया असं केलंत तर हाती काहीच लागणार नाही.

तिथल्या गाण्याचा पाया पाच सुरांचा. मुख्य सुरावटी चार, त्यांना किन्यित म्हणतात. तिझिताच्या एका प्रकाराचे सूर थेट आपल्या भूप रागाचे. बातीचा एक प्रकार धानीचे सूर घेतो. अंबासेल सुरांपुरती गुणक्री. चौथी अंचिहोये, ती मात्र पेटीवर काढूनच बघा. काळी एकला सा धरा, मग पांढरी दोन, काळी तीन, पांढरी पाच, काळी पाच. पंचम नाही, दोन्ही मध्यम शेजारी शेजारी, खाली कोमल रिषभ. लगेच ललत आठवतो. पण गंधार नाही आणि निषादही नाही, त्यामुळे ललतात आपण जिथे टेकतो ती जागाच सापडत नाही. मी साथीला बसणारा माणूस, बोटं सवयीनं गंधाराकडे जातात. त्यांना आवरून त्या पाच पट्ट्यांवर बराच वेळ फिरलो तेव्हा कुठे ती सुरावट स्वतःचं बोलायला लागली.

म्हणून सूर जुळले तरी राग जुळला असं धरू नका. वजन बरेचदा सहा मात्रांचं असतं, पण दादरा मोजायला जाल तर चुकामूक होईल. आणि गळ्यातली ती थरथर आपल्या कुठल्याच घराण्यात बसत नाही. महमूद अहमद ऐका म्हणजे कळेल. हा माणूस आधी बूट पॉलिश करायचा, क्लबात पडेल ते काम करायचा, आणि पुढे सम्राटाच्या अंगरक्षक दलाच्या बँडचा गायक झाला.

तिथल्या जुन्या रेकॉर्डमध्ये ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यं, एवढा दणकट का, याचं उत्तरही या सरकारी बँडांत आहे. १९२४ साली रास तफारी, म्हणजे पुढचे सम्राट हैले सेलासी, यांनी जेरुसलेमहून चाळीस आर्मेनियन अनाथ मुलं आणून त्यांचा बँड उभा केला. पुढे लष्कर, पोलीस, अंगरक्षक अशा सगळ्यांचे बँड झाले. रेकॉर्ड काढायचा मक्ता मात्र सरकारकडेच होता. तो १९६९ मध्ये अम्हा इशेते या तरुणानं स्वतःची कंपनी काढून मोडला. मग जेमतेम पाच-सहा वर्षांत अदिस अबाबात जे गाणं झालं, त्याला तोड नाही. १९७४ मध्ये लष्करी राजवट आली, रात्रीची संचारबंदी लागली, क्लब बसले. अम्हा देश सोडून अमेरिकेला गेला. एका संचारबंदीनं एवढं गाणं बंद पडावं याची मला आजही चीड येते.

त्या रेकॉर्ड १९९७ पासून पॅरिसच्या बुदा म्युझिकनं 'एतिओपीक' या मालिकेत पुन्हा काढल्या. फ्रान्सिस फाल्सेतो यांनी केलेलं काम आहे. चौथा भाग घ्या, मुलातू अस्तात्के यांचा व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य. सातव्यात महमूद अहमद. दहावा सगळा तिझिता, सुरावटीच्याच नावाचं गाणं. एकविसावा सर्वात शेवटी, शांतपणे.

मुक्ता_कऱ्हाड
दादा, चौथा आणि सातवा ऐकले. सातवा तर परत परत. तुम्ही म्हणालात ती थरथर अगदी स्पष्ट कळली. पण मला राहवलं नाही, एकविसाव्याला लगेच हात घातला. एकटा पियानो. ताल कुठे आहे हेच कळेना. कोण आहेत या बाई?

वॉशिंग्टनचा_विनू
पेटीवाल्यांच्या यादीत माझी एक भर. वालियास बँडचे हाइलू मेर्गिया. ऐंशीच्या दशकात इथिओपियातून अमेरिकेत आले ते इथेच राहिले आणि पुढे वॉशिंग्टनला टॅक्सी चालवायचे. डिकीत कीबोर्ड ठेवून गिऱ्हाइकाची वाट बघताना रियाज. त्यांची १९८५ची ॲकॉर्डियनची कॅसेट २०१३ मध्ये पुन्हा निघाली आणि ते परत मंचावर आले. ॲकॉर्डियन म्हणजे पेटीचीच भावंडं, दादांना आवडतीलच.

पेटीवाला_मिरज
विनू, आवडतात म्हणजे काय! पट्टीवर बोट सरकण्याआधीचा तो श्वास पेटीवाल्यालाच कळतो.

मुक्ताताई, त्या एमाहोय त्सेगे-मरियम गेब्रू. जन्म १९२३, अदिस अबाबा. लहानपणी स्वित्झर्लंडमध्ये व्हायोलिन शिकल्या, पुढे कैरोतही. एकविसाव्या वर्षी ख्रिस्ती जोगीण झाल्या आणि डोंगरावरच्या मठात अनवाणी राहिल्या. पहिली रेकॉर्ड १९६७ची, तिचे पैसे अनाथ मुलांसाठी. शेवटची कित्येक वर्षं जेरुसलेमच्या मठात काढली, २०२३ मध्ये गेल्या.

ताल शोधू नका. त्यांचा डावा हात ठेका धरतो असं वाटतं, पण उजवा हात वाक्य संपल्याशिवाय पुढे जात नाही, मग डाव्याला थांबावं लागतं. आपण आलापात श्वासाप्रमाणे जागा घेतो तसं ऐका. आणि दहावा भाग गाळू नका. तिथे वेगवेगळे गायक एकच तिझिता आपापल्या परीनं गातात. दोन गायकांचे तिझिता लागोपाठ लावा, कोण कुठे रेंगाळतो ते बघा आणि इथे लिहा.