हाताखालच्या सहकारीसाठी जामीन राहू का?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ एका मासळी प्रक्रिया कारखान्यात मी शिफ्ट इनचार्ज आहे. कोळंबी सोलणं आणि ग्रेडिंग माझ्याकडे. त्यातली एकजण नऊ वर्षं माझ्यासोबत आहे. हात असा बसलेला, की काट्यावर टाकायच्या आधीच किलोला किती नग बसतील ते सांगते.
महिनाभर तिचं कामात लक्ष नाही. परवा मोठ्या मालाच्या क्रेटमध्ये तिने बारीक माल टाकला. आत फोन न्यायला बंदी आहे, तरी तिच्या गमबुटातून सारखी थरथर ऐकू येत होती. मी बाजूला घेतलं तर रडायलाच लागली.
नवरा ट्रॉलरवर खलाशी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे दोन महिने त्याची कमाई नाही. एप्रिलमध्ये सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली, दुसरा स्टेंट गणपतीनंतर टाकायचाय. त्यासाठी इकडून तिकडून उचललेले पैसे आता अंगावर आलेत. पतसंस्था १ लाख देते म्हणे, पण जामीनदार हवा. "ताई, तुमच्याशिवाय मी कोणाला सांगू?" असं म्हणाली.
घरी हे म्हणतात, भानगडीत पडू नको. साहेब म्हणतात, तिचा खाजगी प्रश्न आहे. मला नाही म्हणवत नाही आणि सही करायचा धीर होत नाही.

वाशिष्ठीकाठचा
सही करू नका. मी केली होती. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. माझ्या हाताखालच्या मुलाच्या भावाचं दुकान त्यात होतं. माल सगळा चिखल. त्याने नव्याने कर्ज काढलं, मी जामीन राहिलो. पहिलं वर्ष हप्ते नीट गेले, मग थांबले. पतसंस्थेने पत्र पाठवलं ते थेट माझ्या ऑफिसात, आणि पगारातून कपात सुरू झाली. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, आधी त्याच्याकडून वसूल करा असं म्हणता येत नाही. हे मला सही केल्यावर कळलं.
पैशापेक्षा दुसरं जास्त लागलं. तो मुलगा माझ्यासमोर यायचं टाळू लागला. चहाला उठायचा तो मी परत जागेवर बसल्यावर. शेवटी नोकरी सोडून पुण्याला गेला. चांगला मुलगा होता हो.

माडबन
माझा अनुभव उलटा आहे. मी १५ हजार दिले, तिने दर महिन्याला हजार-हजार करून सगळे फेडले. माणूस बघून ठरवावं.

खाडीकाठ
@माडबन, माणूस सोन्यासारखी आहे. पण नवऱ्याची बोट सुटली नाही तर ती तरी कुठून आणणार?

मालवणकर काका
गो बाये, तुका आणि तिका एकाच ठिकाणी रोज काम करूचा आसा. घेणेकरी आणि इनचार्ज ही दोन्ही कामां एका माणसान करू नयेत. तिने सुट्टी मागितली की तुझ्या मनात पहिलो विचार हप्त्याचो येतलो. द्यायचेच तर परत मागूचे लागणार नाय तेवढेच दी, आणि तसा तिका सांगून दी.

पतपेढीतली
मी बारा वर्षं पतसंस्थेत आहे, म्हणून सविस्तर लिहिते. आमच्याकडे असे अर्ज रोज येतात, आणि निम्म्या लोकांना स्वतःचं एकूण देणं किती ते माहीत नसतं. लाज वाटते म्हणून बेरीज करत नाहीत. तेव्हा आधी तिच्यासोबत कागद घेऊन बसा. कोणाचे किती, व्याज काय, महिन्याला किती जातात.
बचत गटाच्या नावाखाली मायक्रोफायनान्सचं कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानुसार घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत बसेल एवढंच कर्ज देता येतं. त्यापुढे गेलं असेल तर शाखेत जाऊन हप्ता कमी करून मागावा, लेखी. ॲपवाल्यांचं असेल तर सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही, नातेवाइकांना आणि ओळखीच्यांना त्रास देता येत नाही. ते ॲप कोणत्या कंपनीसाठी काम करतं आणि ती रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का, ते बघा. नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तक्रार, धमक्या असतील तर सायबर हेल्पलाइन १९३०.
आणि गावातला कोणी शेकडा पाचने देत असेल तर ते वर्षाला ६० टक्के झाले. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवाना लागतो, बिगरशेती विनातारण कर्जाला वर्षाला १८ टक्क्यांची मर्यादा आहे, चक्रवाढ लावता येत नाही. तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे (सहकार खात्याच्या) अर्ज करता येतो. बहुतेकांना हे ठाऊकच नसतं.
कंपनीकडून उचल मिळते का ते विचारा. ती पगारातून हळूहळू वळती होते आणि तुम्ही मध्ये राहत नाही.

परिचारिका_रत्नागिरी
दुसऱ्या स्टेंटसाठी कर्ज काढू देऊ नका! महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या रुग्णालयातच जावं लागतं, आधी खर्च करून नंतर पैसे मिळत नाहीत. रेशनकार्ड, आधार आणि जुने रिपोर्ट घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. एप्रिलमध्ये कोणी सांगितलं असतं तर हे सगळं झालंच नसतं, याचं फार वाईट वाटतं.

हापूसवाडी
एकच सांगतो, हे बाकीच्या बायकांच्या कानावर जाऊ देऊ नका. कॅन्टीनमध्ये एकीला कळलं की जेट्टीपर्यंत जातं.

खाडीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल शिफ्ट सुटल्यावर बर्फाच्या गाडीमागच्या बाकावर बसलो दोघी. बर्फाच्या पावतीच्या पाठीवर लिहिलं. मायक्रोफायनान्स दोन मिळून ६२ हजार, ॲप २८, सोनं गहाण ४५, आणि गावातल्या एकाचे ५० हजार, शेकडा पाच. त्याला महिन्याला अडीच हजार नुसतं व्याज जातंय, मुद्दल तेवढंच. बेरीज १ लाख ८५ हजार झाली तेव्हा ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. तिला वाटत होतं सव्वा लाख असेल.
साहेबांकडे २५ हजारांच्या उचलीचा अर्ज मी स्वतः नेला. तिचं कारण फक्त "घरचं आजारपण" एवढंच लिहिलं. ते हो म्हणालेत. त्यातून ॲपचं जवळजवळ मिटेल. गणपतीच्या सामानाला ३ हजार मी दिले, परत नकोत म्हणून सांगितलं.
जामीन राहणार नाही हेही सांगितलं. गप्प झाली. पावतीची घडी घालून ब्लाउजात ठेवली, आणि म्हणाली, "मग त्या निबंधकाच्या ऑफिसात तरी याल ना ताई? मला एकटीला बोलायला जमणार नाही."
सोमवारची रजा टाकलीय. @पतपेढीतली, अर्जासोबत कोणकोणते कागद लागतील तेवढं सांगाल का? तिच्याकडे लेखी काहीच नाही, फक्त फोनवरून पैसे पाठवल्याच्या नोंदी आहेत.

पतपेढीतली
त्या नोंदी फार कामाच्या आहेत. तारखेनुसार छापून घ्या, कोरा चेक किंवा कोऱ्या स्टँपवर सही घेतली असेल तर ते अर्जात जरूर लिहा. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या.