पाऊस न दाखवता पावसाळी हवा कशी? पिसारोचं रुआँचं चित्र

जलरंगी:
नमस्कार मंडळी, सध्या टोरांटोला लेकीकडे आलेय. परवा आर्ट गॅलरी ऑफ ऑन्टारिओमधे कामीय पिसारोचं १८९६ चं चित्र बघितलं, फ्रान्समधल्या रुआँ शहरातला बोआल्द्यू पूल. पूल तिरका गेलाय, त्यावर घोडागाड्या नि माणसांची झुंबड, खाली सीन नदी, बोटी, पलीकडे धुराडी. चित्राच्या नावातच ओली हवा आहे, पण अगदी जवळ जाऊन (गार्डने मागे व्हायला सांगेपर्यंत) शोधलं तरी पावसाची एक रेघ दिसेना, आणि तरीही बघताना अंगावर दमटपणा येतो. हे कसं काय जमवलंय? आणि दुसरं, आभाळ एवढं भरलेलं असून चित्र रडकं का वाटत नाही? मी हौसेने वॉटरकलर करते, माझी ढगाळ चित्रं सगळी सुतकी होतात. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

इझेलवाला:
मस्त धागा. ताई, आधी सावल्या शोधा, मिळणार नाहीत. ऊन नसलं की गाडीखाली धारदार सावली पडत नाही, त्याऐवजी ओल्या रस्त्यावर पुसट प्रतिबिंब पडतं, म्हणजे वर गाडीचा गडद फटकारा आणि त्याच्याखाली तोच रंग फिका होऊन ओघळल्यासारखा. बास, एवढ्यावर डोळा रस्ता ओला आहे असं ठरवून मोकळा होतो, रेघा कशाला हव्यात. मग लांबचं बघा, नदीपलीकडच्या सें-सेव्हेर भागातल्या इमारती आणि आभाळ यांच्या टोनमधे (गडद-फिकेपणात) फरकच फार थोडा ठेवलाय त्यामुळे कडा विरघळतात. दमट हवेत पाण्याचे बारीक कण उजेड विखुरतात, लांबचं गडदसुद्धा फिकं पडतं, तेच आहे हे. जवळची माणसं तेवढी गडद, म्हणून खोली येते.

सुतकीचं म्हणाल तर तुमचा पेन्स ग्रे (तो तयार गडद राखाडी रंग) काही दिवस लपवून ठेवा :) इम्प्रेशनिस्ट मंडळी (बदलता उजेड नि हवा पकडणारे पिसारो-मोनेसारखे चित्रकार) काळ्याला शक्यतो हात लावत नसत, त्यांचा राखाडी निळा, लालसर, पिवळट असे रंग एकमेकांत मिसळून झालेला असतो, त्यामुळे तो मेलेला दिसत नाही. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घेऊन बघा, कागदावरच मिसळू द्या, पॅलेटमधे घोटून घोटून चिखल करू नका.

सीनकाठी:
इझेलवाल्यांना +१. थोडं मागचं पुढचं सांगते. १८९६ च्या सुरुवातीला पिसारो ६५ वर्षांचा होता आणि डोळ्याच्या अश्रुनलिकेच्या दुखण्याने बेजार होता, वारा-धूळ चालायची नाही, म्हणून नदीकाठच्या हॉटेलची खोली घेऊन खिडकीतून रंगवायचा. चित्रात आपण वरून बघतो ते त्यामुळेच. त्याच वर्षी शरद ऋतूत परत आला, दुसऱ्या हॉटेलात उतरला, आणि हाच पूल धुक्यात, मावळतीच्या उन्हात असा पुन्हा पुन्हा काढला. आधी काही वर्षं तो जॉर्ज सरा या चित्रकाराच्या नादाने ठिपक्याठिपक्यांनी रंगवायचा, पण ते काम इतकं सावकाश चालायचं की हवा बदलली तरी चित्र आपलं तिथंच, मग सोडून दिलं.

मोनेने त्याच गावचं कॅथेड्रल वेगवेगळ्या उजेडात रंगवलं होतं, १८९५ मधे पॅरिसला त्यातली २० चित्रं लागली, पिसारोला ती प्रचंड आवडली होती. तरी स्वतः आला तेव्हा त्याने घेतला लोखंडी पूल! मुलाला, ल्युसियाँला, लिहिलेल्या पत्रात तो या ओल्या पुलाबद्दल लिहितो त्यात गाड्या, पादचारी, धक्क्यावरचे कामगार, धूर, लांबचं धुकं हे सगळं आहे आणि सूर चक्क खुशीचा आहे. तुम्हाला चित्र रडकं वाटलं नाही त्याचं अर्धं उत्तर तिथं आहे, त्याला हवेपेक्षा वर्दळीत जास्त रस होता. तो पूल आता नाही बरं का, जून १९४० मधे जर्मन येताना फ्रेंचांनीच रुआँचे पूल उडवले, आज त्या नावाचा आहे तो नवा.

तिरसिंगराव:
हॉटेलच्या खिडकीत बसून कोळशाचा धूर छानच दिसणार हो. खाली धक्क्यावर ओझी उचलणाऱ्याला विचारा मूड कसा आहे.

सीनकाठी:
@तिरसिंगराव मुद्दा चुकीचा नाही पण माणूस चुकीचा निवडलात. पिसारो पक्का अराजकवादी विचारांचा, म्हणजे माणसावर कुणाची सत्ताच नको म्हणणारा. १८८९-९० च्या सुमारास त्याने शहरातली उपासमार, शोषण, आत्महत्या यांवर रेखाचित्रांचा एक अख्खा संच केला होता, भाच्यांना समजावं म्हणून, आणि तो बघवत नाही इतका कडवट आहे. रंगवायला बसला की मात्र तक्रार बाजूला. का, ते माहीत असतं तर मीही चित्रकार झाले असते.

तिरसिंगराव:
हे नव्हतं माहीत. तरी पण कामगार ठिपक्याएवढेच काढलेत हे राहतंच.

जलरंगी:
सगळ्यांचे आभार, आता लेकीला घेऊन परत जाते बघायला. इझेलवाले, एकच शेवटचं, धुराचं काय करू? माझा धूर कापूस चिकटवल्यासारखा दिसतो.

इझेलवाला:
कारण तुम्ही तो शेवटी वरून लावताय. आभाळ ओलं असतानाच धूर त्यात सोडा, कोरड्या ब्रशने थोडा रंग उचलून घ्या, आणि सगळे लोट एकाच दिशेला कलते ठेवा म्हणजे वारा फुकटात मिळतो. धुराड्याच्या तोंडाशी तेवढी एक कडक कड ठेवा, बाकी सगळं आभाळात जाऊ दे.